विद्यार्थी आंदोलन कसे समजून घ्यावे: कारणे शोधण्याची एक पद्धत

एखाद्या विद्यापीठात वर्ग ओस पडले, प्रवेशद्वाराशी ठिय्या सुरू झाला आणि पोलिसांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, की दोन स्पष्टीकरणे लगेच पुढे येतात. एक असे की तरुण रक्त आहे, ते उसळणारच. दुसरे असे की यामागे कोणाचा तरी हात आहे. दोन्हींत तथ्याचा अंश असू शकतो, पण त्यांनी उलगडा काहीच होत नाही. तरुण दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयात असतात आणि त्यांना आपल्या बाजूला ओढू पाहणारे पक्षही नेहमीच असतात. तरीही बहुतेक वर्षे शांततेत जातात. मग याच वर्षी, याच आवारात, याच प्रश्नावर आंदोलन का उभे राहिले, हे सांगता आले पाहिजे. या विषयावर प्रकल्प लिहिणारा विद्यार्थी, बातमीदार, शिक्षक किंवा नुसता जिज्ञासू वाचक यांनी त्याचे उत्तर कसे शोधावे, याची एक पद्धत येथे मांडली आहे. आंदोलन कशाने सुरू झाले यापेक्षा त्याला पहिले उत्तर काय मिळाले याकडे अधिक बारकाईने पाहावे, हा तिचा गाभा आहे.

आधी हद्द ठरवा

विद्यार्थी सहभागी झाले म्हणून प्रत्येक आंदोलन विद्यार्थी आंदोलन ठरत नाही. जेथे लोक विद्यार्थी या नात्याने एकत्र येतात, आपली मागणी सामूहिकपणे मांडतात आणि अर्ज, निवेदन, शिष्टमंडळ या रूढ मार्गांच्या पलीकडे जाऊन काही काळ सातत्याने दबाव टिकवतात, तेथेच हे नाव वापरणे योग्य. एका दुपारची घोषणाबाजी हे निदर्शन असते. तीच माणसे दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जमली, त्यांनी कृती समिती नेमली आणि शेजारच्या महाविद्यालयातून पाठिंबा आला, की तिचे आंदोलन होते. ते वर्षानुवर्षे चालले आणि त्यातून संघटना, विचार व नवे कार्यकर्ते घडत गेले, तर त्याला चळवळ म्हणावे.

मागणी कोणाकडे आहे, हेही याच टप्प्यावर नोंदवावे. काही आंदोलने शिक्षणसंस्थेविरुद्ध असतात: शुल्कवाढ, वसतिगृह, परीक्षा, निलंबन. काही सरकारच्या धोरणाविरुद्ध असतात, तर काहींत विद्यार्थी समाजातील एखाद्या अन्यायाविरुद्ध उभे राहतात आणि त्यांचा स्वतःचा थेट लाभ त्यात नसतो. प्रत्यक्षात एकच आंदोलन एका प्रकारातून दुसऱ्यात सरकते आणि तो सरकण्याचा क्षण सापडला की निम्मे काम झाले, असे मी मानतो.

हा प्रकार आधुनिक काळातला आहे, हा समजही येथेच बाजूला ठेवावा. 1229 साली पॅरिसमध्ये मद्यगृहातील एका भांडणानंतर नगररक्षकांनी काही विद्यार्थ्यांना ठार केले, तेव्हा अध्यापक आणि विद्यार्थी यांनी शिकवणे व शिकणे थांबवले आणि अनेकजण शहर सोडून गेले. सुमारे दोन वर्षांनी, 1231 मध्ये, पोप नववा ग्रेगरी याने विद्यापीठाचे अधिकार मान्य करणारे फर्मान काढले, तेव्हा ते प्रकरण मिटले. क्षुल्लक भांडण, त्यावर बळाचा अतिरेकी वापर आणि मग भांडणाशी काही संबंध नसलेला स्वायत्ततेचा मोठा प्रश्न, हा क्रम पुढच्या आठशे वर्षांत वारंवार भेटतो.

तीन रकान्यांची नोंद करा

प्रत्यक्ष अभ्यासाची सुरुवात तारखांपासून करावी. एका कागदावर तीन रकाने आखावेत: पहिल्यात घडलेली घटना, दुसऱ्यात त्या दिवशी विद्यार्थ्यांची असलेली मागणी, आणि तिसऱ्यात प्रशासनाने, पोलिसांनी वा सरकारने केलेली कृती. पहिले तीन-चार आठवडे तरी दिवसागणिक लिहावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक लेखनात ते केलेले नसते. परंतु नेत्यांच्या भाषणांतून जे कळत नाही ते या नोंदीतून कळते. साधारणपणे असे दिसते की दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक मोठा बदल तिसऱ्या रकान्यातील एखाद्या कृतीनंतर होतो.

गुजरातमधील 1974 चे नवनिर्माण आंदोलन घ्या. डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात मेसच्या बिलात सुमारे 20 टक्के वाढ झाली आणि वसतिगृहातील विद्यार्थी संतापले. मागणी जेवणाच्या बिलापुरतीच होती. जानेवारीत विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात चकमकी झाल्या, अटका झाल्या, आणि मग मागणी महागाई व भ्रष्टाचार यांच्याकडे आणि तेथून मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्याकडे गेली. चिमणभाई पटेल यांनी 9 फेब्रुवारी 1974 रोजी राजीनामा दिला आणि मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. मेसच्या बिलाने सरकार पडले, असे गमतीने म्हटले जाते. ते खरे नाही. धान्य आणि तेल यांच्या किमती घराघरात पोळत होत्या, त्यामुळे विद्यार्थ्यांची तक्रार शहराला आपली वाटली. आणि पोलिसी कारवाईने त्या तक्रारीला एक उघड प्रतिपक्ष मिळवून दिला.

बांगलादेशातील 2024 च्या घटनाक्रमात हेच अधिक तीव्रतेने दिसते. तेथील उच्च न्यायालयाने जूनमध्ये सरकारी नोकऱ्यांतील स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीचे 30 टक्के आरक्षण पूर्ववत केले आणि त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले. 21 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते 5 टक्क्यांवर आणले आणि एकूण 93 टक्के जागा गुणवत्तेवर भरण्याचा निर्णय दिला. म्हणजे मूळ मागणी बहुतांशी मान्य झाली होती. तरीही आंदोलन थांबले नाही, कारण तोपर्यंत गोळीबारात विद्यार्थी मारले गेले होते आणि दुसऱ्या रकान्यात न्यायाची, मग राजीनाम्याची मागणी येऊन बसली होती. 5 ऑगस्ट रोजी पंतप्रधान शेख हसीना यांनी पद आणि देश दोन्ही सोडले. तिसरा रकाना न भरता या आंदोलनाचा अभ्यास करणाऱ्यास 21 जुलैनंतरचे काहीच समजणार नाही.

दडपशाही हेच प्रत्येक आंदोलनाच्या वाढीचे कारण असते, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. पुरेशी क्रूर दडपशाही आंदोलन संपवूही शकते. मेक्सिको शहरात 2 ऑक्टोबर 1968 रोजी, ऑलिंपिक स्पर्धेच्या दहा दिवस आधी, त्लातेलोल्को चौकात लष्कराने गोळीबार केला आणि त्यानंतर ते आंदोलन थोड्याच काळात विरले. बीजिंगमध्ये 4 जून 1989 रोजीही तसेच घडले. लाठीमार, अश्रुधूर, निलंबन अशी मधली दडपशाही, जी लोकांना चिडवते पण घाबरवून घरी बसवू शकत नाही, तीच बहुधा आंदोलन फैलावते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 2012 साली वार्षिक शिक्षणशुल्क 2168 डॉलरवरून टप्प्याटप्प्याने 3793 डॉलर करण्याच्या निर्णयाविरुद्ध संप चालू होता. मे महिन्यात सरकारने निदर्शनांवर बंधने घालणारा खास कायदा केला आणि त्यानंतर ज्यांचा शुल्काशी संबंध नव्हता असे नागरिकही रोज संध्याकाळी भांडी वाजवत रस्त्यावर येऊ लागले.

ठिणगी, मागणी आणि असंतोष वेगळे करा

तारखा लागल्या की कारणांकडे वळावे. येथे तीन गोष्टींची गल्लत टाळावी लागते: ज्या घटनेने लोक बाहेर पडले ती ठिणगी, निवेदनात लिहिलेली मागणी, आणि पूर्वीपासून साचलेला असंतोष. ठिणगी बहुधा योगायोगाची असते, मागणी ही विचारपूर्वक निवडलेली असते, आणि असंतोष मात्र वर्षांच्या हिशेबाने मोजावा लागतो.

दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोमध्ये 16 जून 1976 रोजी शाळकरी मुले मोर्चाने निघाली ती गणितासारखे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध. सक्तीचा आदेश ही ठिणगी, तो मागे घेणे ही मागणी. परंतु 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण मुद्दाम खालच्या दर्जाचे ठेवले होते, हा असंतोष दोन दशकांचा होता. म्हणूनच आदेश मागे घेतल्यावरही देशभरातील उठाव थांबला नाही. म्यानमारमध्ये सप्टेंबर 1987 मध्ये चलनातील काही नोटा भरपाई न देता रद्द झाल्या आणि विद्यार्थ्यांचे शुल्काचे साठवलेले पैसे एका रात्रीत कागद झाले. मार्च 1988 मध्ये रंगूनच्या एका चहाच्या दुकानातील भांडण ही त्यानंतर उसळलेल्या आंदोलनाला केवळ निमित्त ठरलेली घटना होती. सर्बियातही 1 नोव्हेंबर 2024 रोजी नोव्ही साद रेल्वे स्थानकाचे छत कोसळून माणसे मृत्युमुखी पडली; त्यावर विद्यार्थ्यांनी विद्यापीठे बंद पाडून बांधकामाची सर्व कागदपत्रे जाहीर करण्याची मागणी केली. कागदपत्रांची मागणी वरकरणी कोरडी वाटते, पण सार्वजनिक कामांतील भ्रष्टाचाराबद्दलचा राग तिच्यात नेमका पकडला गेला होता.

प्रत्येक वेळी खोल असंतोष शोधण्याचा अट्टहास मात्र करू नये. शुल्क वाढले की गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण सुटते, एवढे कारण आंदोलनाला पुरेसे असते. दक्षिण आफ्रिकेत ऑक्टोबर 2015 मध्ये विट्स विद्यापीठाने 10.5 टक्के शुल्कवाढ जाहीर केली, आंदोलन देशभर पसरले आणि 23 ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना पुढील वर्षी शून्य टक्के वाढ जाहीर करावी लागली. त्यामागे वसाहतवादी वारशाचा मोठा प्रश्न होताच. पण ज्याचे शुल्क भरायचे राहिले आहे त्याच्या दृष्टीने 10.5 हा आकडा हीच पुरेशी बाब होती.

विद्यार्थीच का, हे तपासा

असंतोष कामगारांत असतो, शेतकऱ्यांत असतो, मग पहिले पाऊल विद्यार्थी का टाकतात? याची कारणे स्वभावापेक्षा परिस्थितीत अधिक आहेत. हजारो समवयस्क एकाच आवारात राहतात, एकाच खानावळीत जेवतात, त्यामुळे निरोप पोहोचायला वेळ लागत नाही. बहुतेकांवर कुटुंबाच्या पोटाची जबाबदारी नसते आणि जाण्यासारखी नोकरीही नसते. वाचन, चर्चा, लेखन हा त्यांचा रोजचाच उद्योग असतो. ज्या देशांत पक्ष आणि कामगार संघटना यांवर बंदी असते तेथे विद्यापीठ हीच बोलण्याची उरलेली जागा असते; 1973 मध्ये थायलंड आणि ग्रीस या दोन लष्करी राजवटींत विद्यार्थी पुढे आले ते त्यामुळेच.

शिक्षणाचा झपाट्याने होणारा विस्तार हे आणखी एक कारण असते. फ्रान्समध्ये 1960 च्या सुमारास दोन लाखांच्या आसपास असलेली विद्यार्थिसंख्या 1968 पर्यंत पाच लाखांवर गेली. वर्ग तुडुंब भरले आणि पॅरिसच्या वेशीवर नांतेर येथे घाईघाईने नवे संकुल उभारावे लागले. त्या वर्षीचा उद्रेक सुरू झाला तो याच नांतेरमध्ये, मार्च महिन्यात. पदवीधर वाढले पण पदवीला साजेशी कामे वाढली नाहीत, की अपेक्षाभंग होतो. आणि अपेक्षाभंग झालेला शिक्षित तरुण हा निव्वळ गरिबीत असलेल्या तरुणापेक्षा अधिक वेळा रस्त्यावर आलेला दिसतो. म्हणून कोणत्याही आंदोलनाचा अभ्यास करताना प्रवेशसंख्या, शुल्क, शिष्यवृत्ती आणि पदवीधरांची बेकारी यांचे मागील दहा वर्षांचे आकडे मिळवावेत.

जे आंदोलनात नव्हते त्यांचाही विचार करावा. शिष्यवृत्तीवर शिकणारा, परदेशातून व्हिसावर आलेला, घरातील पहिलाच पदवीधर होऊ घातलेला विद्यार्थी यांना एक वर्ष वाया जाणे परवडत नाही. त्यांच्या अनुपस्थितीचा अर्थ विरोध असा काढणे चुकीचे. आणि त्यांना गृहीत धरून संपूर्ण विद्यार्थिवर्गाच्या नावाने बोलणाऱ्या नेतृत्वाचे म्हणणेही तपासूनच घ्यावे.

निर्णय कोण घेते ते पाहा

आंदोलनामागे पक्ष आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, पण तो नीट विचारावा. पक्ष कधी आला, त्याच्या येण्याने मागणी बदलली का, आणि सभेत निर्णय कोणाच्या मताने होऊ लागला, अशी त्याची फोड करावी. बिहारमध्ये मार्च 1974 मध्ये छात्र संघर्ष समितीने आंदोलन सुरू केले आणि नंतर जयप्रकाश नारायण यांना नेतृत्वाची विनंती केली. त्यांनी ते शांततामय राहील अशी अट घालून होकार दिला आणि 5 जून रोजी पाटण्याच्या सभेत संपूर्ण क्रांतीची हाक दिली. येथे विद्यार्थ्यांनीच बाहेरचे नेतृत्व बोलावले होते. याउलट अमेरिकेत एप्रिल 1960 मध्ये कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती स्थापन होताना एला बेकर या अनुभवी कार्यकर्त्या विद्यार्थ्यांनी मोठ्या संघटनांची शाखा न होता स्वतंत्र राहावे, या मताच्या होत्या. सर्बियातील अलीकडच्या आंदोलनाने तर नेताच नेमला नाही. प्रत्येक विद्याशाखेच्या खुल्या सभेत मतदानाने निर्णय झाले. यातील कोणतीही रचना निर्दोष नाही. एका नेत्याला अटक करता येते, विकतही घेता येते. खुल्या सभेला मात्र वाटाघाटींच्या वेळी झटपट होकार देता येत नाही.

साधन आणि मागणी यांचा मेळ तपासणे हा याच तपासाचा पुढचा भाग. अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी ज्या उपाहारगृहाच्या गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर त्यांना वाढले जात नव्हते, तेथेच जाऊन बसले. कृती पाहिली की मागणी वेगळी सांगावी लागत नव्हती, आणि त्यामुळेच काही आठवड्यांत ती डझनावारी शहरांत पसरली. जुलैअखेर ते काउंटर सर्वांना खुले झाले. तैवानमध्ये मार्च 2014 मध्ये चीनबरोबरचा सेवा व्यापार करार कलमवार छाननी न करता पुढे रेटला जात होता, तेव्हा विद्यार्थ्यांनी थेट विधिमंडळाचे सभागृह ताब्यात घेतले आणि सुमारे तीन आठवड्यांनी, छाननीच्या कायद्याचे आश्वासन मिळाल्यावर, ते स्वतःहून रिकामे केले. तो करार पुढे मंजूर झालाच नाही. जेथे कृतीचा मागणीशी असा संबंध नसतो, उदाहरणार्थ ग्रंथालय बंद पाडून शुल्कवाढीचा निषेध, तेथे इतर विद्यार्थ्यांचीच सहानुभूती लवकर आटते.

आवाराबाहेर कोण आले

निव्वळ विद्यार्थ्यांच्या बळावर सरकार झुकल्याची उदाहरणे थोडी आहेत, कारण वर्ग बंद ठेवल्याने सत्तेचे तातडीने फार नुकसान होत नाही. बीजिंगच्या विद्यार्थ्यांनी 4 मे 1919 रोजी शांतुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क जपानला देण्याविरुद्ध निदर्शने केली. पण जूनमध्ये शांघायच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि कामगार संपावर गेले तेव्हा सरकार हलले, आणि 28 जून रोजी चिनी प्रतिनिधींनी हे हक्क जपानला देणाऱ्या व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. म्हणून पालक, शिक्षक, व्यापारी, कामगार, वकील यांपैकी कोण, कोणत्या दिवशी, कोणती मागणी घेऊन आले, यासाठी नोंदीत चौथा रकाना वाढवावा.

यशापयश मोजताना घाई नको

फ्रान्समध्ये मे 1968 मध्ये लक्षावधी कामगार संपावर गेले आणि जूनच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले. तेवढ्यावरून आंदोलन फसले असे म्हणता येईल. पण त्याच वर्षी विद्यापीठांची रचना बदलणारा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी द गॉल पायउतार झाले. ढाक्यात 21 फेब्रुवारी 1952 रोजी बंगालीला राजभाषेचा दर्जा मागणाऱ्या निदर्शनांवरील गोळीबारात विद्यार्थी मारले गेले तेव्हा हाती काही लागले नव्हते. बंगालीला पाकिस्तानच्या राज्यघटनेत स्थान मिळाले ते 1956 मध्ये. चिलीमध्ये 2006 साली शाळांतून बाहेर पडलेली मुले 2011 मध्ये विद्यापीठातून पुन्हा रस्त्यावर आली, 2016 पासून अनेकांना उच्च शिक्षण विनामूल्य मिळू लागले, आणि 2011 च्या विद्यार्थी नेत्यांपैकी गाब्रिएल बोरिच 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. तात्काळ मागणी, कायद्यातील बदल आणि माणसे घडणे यांचे हिशेब म्हणून वेगवेगळे मांडावेत.

विद्यार्थी दर तीन-चार वर्षांनी बदलतात, ही या आंदोलनांची अंगभूत अडचण आहे. प्रशासनाला ते ठाऊक असते. चौकशी समिती नेमून अहवाल लांबवण्यामागे बरेचदा हाच हिशेब असतो. लांबलेल्या आंदोलनात फूटही पडते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात एप्रिल 1999 मध्ये शुल्कवाढीविरुद्ध सुरू झालेला संप, शुल्क ऐच्छिक करूनही, फेब्रुवारी 2000 मध्ये पोलीस आत शिरेपर्यंत चालला आणि तोवर पाठीराख्यांपैकी कितीतरी दूर गेले होते.

विद्यार्थी आंदोलन म्हणजे न्यायाची बाजू, असे समीकरण करून अभ्यासाला बसू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. जर्मनीच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचे नेतृत्व 1931 मध्येच, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी, नाझी विद्यार्थ्यांच्या हाती गेले होते, आणि 10 मे 1933 रोजी विद्यापीठांच्या शहरांत पुस्तकांची होळी करण्यात याच संघटनेचा पुढाकार होता. एकत्र राहणे, मोकळा वेळ, अपेक्षाभंग, संघटनकौशल्य ही वर सांगितलेली सर्व कारणे तेथेही होती. कारणे समजणे आणि मागणी योग्य ठरवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी पुराव्याने व नैतिक युक्तिवादानेच चढावी लागते.

कागदपत्रांबद्दल

गर्दीचे आकडे आयोजक फुगवतात आणि पोलीस घटवतात. दोन्ही लिहून ठेवावेत आणि मैदानाचे क्षेत्रफळ किंवा छायाचित्रे यांवरून स्वतः अंदाज करावा. मृतांच्या आकड्यांबाबत तर त्लातेलोल्कोचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून कोणता आकडा कोणी, कधी दिला हे सोबत लिहिल्याशिवाय तो वापरू नये. नंतर लिहिलेल्या आठवणींपेक्षा त्या दिवशीचे पत्रक अधिक विश्वसनीय असते, कारण आठवणींत शेवटची मागणी पहिल्या दिवशीच होती असे वाटू लागते. पत्रके आणि भित्तिपत्रके फार लवकर नाहीशी होतात. तुकडी पदवी घेऊन गेली की खोलीतला गठ्ठा रद्दीत जातो. तेव्हा विद्यार्थी संघटनेचे दप्तर, कुलसचिव कार्यालयाची परिपत्रके, निलंबनाचे आदेश, न्यायालयातील प्रतिज्ञापत्रे आणि स्थानिक वृत्तपत्रांचे अंक या क्रमाने शोध घ्यावा. पोलिसांच्या नोंदी मिळाल्याच, तर त्यांतील तारखा व वेळा बहुधा उपयोगी पडतात. हेतूंविषयी त्यांत जे लिहिलेले असते ते मात्र दुसऱ्या आधाराशिवाय स्वीकारू नये.